बारा शब्द, एक किल्ली आणि नेट तोडलेला लॅपटॉप: निमॉनिक कोड कन्व्हर्टर वापरून पाहिला

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिच्यासमोर घडी पडून मळलेला एक कागद होता आणि त्यावर बारा इंग्रजी शब्द. तिचे ल्युमेन्स, म्हणजे स्टेलर या क्रिप्टो नेटवर्कचं चलन, ज्या मोबाइल वॉलेटमध्ये होते, ते अ‍ॅप बंद झालं होतं. नव्या फोनवर ते चढेना. दुसरं वॉलेट उतरवून घेतलं, तर ते रिकव्हरी फ्रेज, म्हणजे हे बारा शब्द, घ्यायलाच तयार नाही. त्याला हवी होती सीक्रेट की, म्हणजे खात्यातले पैसे हलवू देणारी, एस अक्षराने सुरू होणारी ५६ अक्षरांची माळ. "ताई, बारा शब्द जपले की सगळं जपलं, असंच सांगितलं होतं ना? मग आता ही की कुठून आणू?"

प्रश्न बरोबर होता. पण पुढचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिला शोधात एक वेबसाइट सापडली होती. तिथल्या चौकटीत बारा शब्द टाकायचे, बटण दाबायचं आणि की मिळवायची. तिने सात शब्द टाइप केले होते. मी म्हटलं, हात बाजूला घे, ते पान बंद कर आणि मी सांगेपर्यंत त्या कागदाला हात लावू नकोस. ती साइट खरी होती की चोरांची, हे मी तपासलं नाही आणि तपासायची गरजही नव्हती. चालू इंटरनेटवर, अनोळखी पानावर रिकव्हरी फ्रेज लिहायची नाही, एवढं पुरेसं आहे.

मग आम्ही जे वापरलं त्याचा हा रिव्ह्यू. साधनाचं नाव निमॉनिक कोड कन्व्हर्टर. या विषयातली माणसं त्याला नुसतं बीआयपी-३९ टूल म्हणतात. त्याचा कोड गिटहबवर उघडा आहे आणि सगळं साधन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावतं. फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडायची. इन्स्टॉल काही करायचं नाही, खातं उघडायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत.

माझं मत आधीच सांगते. हिशेब तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि या साधनाइतका स्वच्छ हिशेब मांडणारं सॉफ्टवेअर मी क्वचित पाहिलं. शब्दांपासून कीपर्यंत मधली प्रत्येक बेरीज ते समोर ठेवतं. पण निघालेली की तुमचीच आहे का, हे ते सांगत नाही, सांगूही शकत नाही. ते ठरवण्यासाठी तुमच्याकडे एक गोष्ट आधीपासून हवी, ती म्हणजे तुमच्या खात्याचा जुना पत्ता, बँकेच्या खाते क्रमांकासारखी अक्षरांची माळ. तो नसेल तर हे साधन तुम्हाला व्यवस्थित, अचूक, पण दुसऱ्याच एखाद्या रिकाम्या खात्याची की काढून देईल आणि तुम्ही समजाल की पैसे गेले.

हे नीट कळण्यासाठी आत काय होतं ते बघू या. मला स्वतःला हे समजेपर्यंत चैन पडलं नव्हतं.

रिकव्हरी शब्द कसे बनवायचे आणि वापरायचे हे ठरवणारा बीआयपी-३९ हा नियम २०१३ सालचा. शब्दांची एक ठरलेली यादी आहे, २०४८ शब्दांची. २०४८ म्हणजे दोनाचा अकरावा घात, म्हणून प्रत्येक शब्द म्हणजे ११ बिट्स. बारा शब्दांचे झाले १३२. त्यातले १२८ बिट्स निव्वळ यादृच्छिक आणि उरलेले ४ चेकसमचे, म्हणजे शब्दांतली चूक पकडण्यासाठीचे. चोवीस शब्द असतील तर २५६ आणि ८. यादी दहा भाषांत आहे, त्यात जपानी, कोरियन, चेक अशाही भाषा आहेत. देवनागरीतली यादी मात्र नाही, त्यामुळे आपल्या हाती बहुधा इंग्रजीच शब्द येतात.

आता हे शब्द म्हणजे कुलूपबंद पेटी आणि की त्या पेटीत ठेवलेली, असं बहिणीला वाटत होतं. बऱ्याच जणांना वाटतं. पेटी वगैरे काही नाही. शब्दांचं वाक्य जसंच्या तसं एका गणितात घातलं जातं. त्या गणिताचं नाव पीबीकेडीएफ२. ते एचमॅक-शा५१२ हे हॅशवर चालणारं फंक्शन (हॅश म्हणजे मजकुराचा उलट न फिरवता येणारा ठसा) २०४८ वेळा फिरवतं आणि शेवटी ५१२ बिट्सचा एक आकडा हाती देतं. त्याला सीड म्हणतात. सीडपासून एक मुख्य की, मुख्य कीपासून ठरलेल्या वाटेने खाली उतरत उतरत एकेका खात्याची की. या वाटेला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. बँकेत फोन करून कुणाला विचारावं लागत नाही, कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर काही साठवलेलं नसतं. तेच शब्द आणि तीच वाट असेल तर जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच उत्तर येतं. अ‍ॅप बंद पडलं तरी पैसे बुडत नाहीत ते याच कारणाने. बहिणीला मी हे फोनवर समजावलं तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज सैल झाला.

स्टेलरची वाट छोटी आहे. एम/४४'/१४८'/०' एवढीच. ४४ हा आकडा बीआयपी-४४ या पद्धतीचा, १४८ हा स्टेलरचा ठरलेला क्रमांक आणि शेवटचा आकडा खात्याचा: पहिलं खातं शून्य, दुसरं एक, असं. बिटकॉइनचा क्रमांक ०, इथेरियमचा ६०. आकड्यांपुढचं ते टिंबासारखं चिन्ह म्हणजे हार्डन्ड, ती पायरी फक्त गुप्त कीवरूनच उतरता येते. स्टेलर एडी२५५१९ नावाचं गणित वापरतं आणि त्यासाठीच्या एसएलआयपी-१० या नियमात प्रत्येक पायरी हार्डन्डच असावी लागते. शेवटी ३२ बाइट्सची की मिळते. तिला पुढे एक बाइट प्रकाराचा आणि मागे दोन बाइट तपासणीचे लावले की ३५ बाइट्स, म्हणजे २८० बिट्स. एका अक्षरात ५ बिट्स मावतात. २८० भागिले ५, बरोबर ५६. सीक्रेट की ५६ अक्षरांची का, याचं उत्तर इतकं सरळ निघालं की मी वहीच्या समासात ते दोनदा लिहून पाहिलं.

आता प्रत्यक्ष वापर.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यातली हार्ड डिस्क काढून ठेवली आणि पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स सुरू केली. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, केबल नाही. कन्व्हर्टरची फाइल माझ्या रोजच्या कॉम्प्युटरवर मूळ गिटहब भांडारातून उतरवली होती. शोधयंत्रात नाव टाकून वर येईल त्या दुव्यावर मी गेले नाही, कारण असल्या साधनांच्या हुबेहूब नकला बनवणं फार सोपं आहे आणि नकलेत एकच ओळ जास्त असते, शब्द परस्पर कुठेतरी पाठवणारी. फाइलचा शा-२५६ हॅश काढून जुळवला, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली. या पेनड्राइव्हचा प्रवास एकाच दिशेने झाला. लॅपटॉपकडून परत कॉम्प्युटरकडे तो गेला नाही.

खरे शब्द टाकण्याआधी मी नमुना तपासला आणि हे प्रत्येकाने करावं असं कळकळीने सांगते. स्टेलरच्या सेप-०००५ या दस्तऐवजात नमुन्याचे शब्द आणि त्यांच्यापासून निघणारे पत्ते व सीक्रेट की छापलेल्या आहेत. इलनेस, स्पाइक, रिट्रीट, ट्रुथ अशी सुरुवात असलेले बारा शब्द मी टाकले, कॉइनच्या यादीतून एक्सएलएम (ल्युमेन्सचं छोटं नाव) निवडलं आणि बीआयपी-४४ चा टॅब पाहिला. खालच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत जी-डी-आर-एक्स-ई अशा अक्षरांनी सुरू होणारा पत्ता यायला हवा होता. आला. शेवटपर्यंत अक्षर न् अक्षर दस्तऐवजाशी ताडलं. किल्लीही तीच. म्हणजे साधन गणित बरोबर करतंय. इथेरियमवाल्यांसाठीही असा नमुना आहे: अबँडन हा शब्द अकरा वेळा आणि बारावा अबाउट. त्याचा पहिला पत्ता शून्य-एक्स-९८५८ ने सुरू होतो. हे नमुने जगजाहीर आहेत, त्यांवर पैसे कुणीही ठेवू नयेत. तपासणीला मात्र उत्तम.

मग बहीण कागद घेऊन आली.

अक्षर तिचंच, घाईत लिहिलेलं. पाचवा शब्द वॉल की वॉक? इंग्रजी एल आणि के तिच्या हातून एकसारखे उमटतात. नववा क्विट की क्विझ? यादी करणाऱ्यांनी काळजी घेतली आहे की कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतील, पण इथे फरक नेमका चौथ्याच अक्षरात होता. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला वाटतं वॉल. पण तू विचारलंस की वॉकही वाटतं." (ही फ्रेज आता रिकामी झाली आहे म्हणून एवढं सांगते. बाकीचे शब्द तरीही सांगणार नाही.)

दोन जागी दोन-दोन शक्यता, म्हणजे चार जोड्या. या ठिकाणी कन्व्हर्टरने फार मदत केली. यादीत नसलेला शब्द टाकला तर ते लगेच सांगतं की हा शब्द यादीत नाही, तुम्हाला अमुक म्हणायचंय का. शब्द यादीतले असले पण चेकसम जुळला नाही, तर लाल अक्षरांत फ्रेज अवैध असल्याचं कळवतं. चारपैकी दोन जोड्या लगेच बाद झाल्या.

दोन उरल्या आणि दोन्ही वैध.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. बारा शब्दांच्या फ्रेजमध्ये चेकसमचे बिट्स चारच. म्हणजे यादीतले कोणतेही बारा शब्द उचलून ठेवले तरी सरासरी १६ पैकी १ वेळा ते वैध ठरतात. "साधनाने चूक दाखवली नाही म्हणजे शब्द बरोबर" हा निष्कर्ष धोक्याचा आहे. चोवीस शब्दांत हेच प्रमाण २५६ पैकी १ होतं, तिथे जरा निर्धास्त राहता येतं. बारात नाही.

निवाडा पत्त्यानेच होणार होता. बहिणीने दोन वर्षांपूर्वी एका क्रिप्टो एक्स्चेंजमधून ल्युमेन्स या वॉलेटमध्ये पाठवले होते, त्याचा ईमेल तिच्याकडे होता आणि त्यात पाठवलेला पत्ता पूर्ण लिहिलेला होता. जी ने सुरू होणारा, तोही ५६ अक्षरांचा. हा पत्ता उघड असला तरी चालतो. कुणीही तो स्टेलरच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या वेबसाइटवर, टाकून खात्यात किती शिल्लक आहे ते बघू शकतं. आम्ही बघितलं, शिल्लक जशीच्या तशी होती. तो पत्ता मी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला.

पहिली जोडी टाकली. तक्त्यातली पहिली ओळ जुळली नाही. दुसरी जोडी टाकली. पहिली ओळ तिथेही जुळली नाही. बहिणीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अजून खाली बघू. साधन एका वेळी वीस ओळी दाखवतं, प्रत्येक ओळ म्हणजे वाटेच्या शेवटी एकेक वाढवलेला आकडा. दुसऱ्या जोडीच्या दुसऱ्या ओळीत, म्हणजे एम/४४'/१४८'/१' वर, तोच पत्ता होता. मी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं वाचली, तिने कागदावर बोट ठेवून ऐकली, मग मधलीही सगळी वाचली. तिला तेव्हा आठवलं की अ‍ॅपमध्ये तिने एकदा "नवीन खातं" असं बटण दाबलं होतं. पहिलं खातं रिकामंच राहिलं, पैसे दुसऱ्यात गेले.

म्हणून पहिली ओळ जुळली नाही की घाबरू नका. खाली सरका. वीसच्या वीस बघा.

त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात सीक्रेट की होती. काम झालं होतं.

आता ज्या गोष्टी माहीत नसल्या तर माणूस अडेल, त्या सांगते. यातली पहिली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पानाच्या मध्यभागी बीआयपी-३२ रूट की नावाची एक लांबलचक माळ ठळकपणे दिसते. नवख्या माणसाचा हात तिच्याकडे जातो, कारण "मुख्य की" म्हणजे हीच असणार असं वाटतं. स्टेलरसाठी ती निरुपयोगी आहे. ती बिटकॉइनच्या गणिताने काढलेली मुख्य की आहे आणि स्टेलरची की वेगळ्या गणिताने थेट सीडवरून निघते. एस ने सुरू होणारी, तक्त्यातली, पत्त्याशेजारची, तीच घ्यायची.

पासफ्रेजची चौकट तर नीट समजून घ्या. काहींनी बारा किंवा चोवीस शब्दांवर आपला एक गुप्त शब्द जोडलेला असतो, त्याला पंचविसावा शब्दही म्हणतात. तो चुकीचा टाकला तर साधन चूक दाखवणार नाही, कारण गणिताच्या दृष्टीने चुकीचा पासफ्रेज असा प्रकारच नाही. कुठलाही पासफ्रेज टाका, एक नवं, वैध वॉलेट तयार होतं. लहान-मोठी लिपी, एखादी मोकळी जागा, सगळ्याने उत्तर बदलतं. बहिणीने पासफ्रेज ठेवलेला नव्हता, म्हणून ती चौकट आम्ही रिकामीच ठेवली. ज्यांनी ठेवला असेल त्यांनाही वाट दाखवणारा तोच, जुना पत्ता.

माउस एखाद्या कीवर नेला की तिचा क्यूआर कोड उमटतो. ऑफलाइन यंत्रावरून की दुसऱ्या यंत्रात न्यायला ही सोय फार कामाची आहे, ५६ अक्षरं हाताने टाइप करताना चूक होतेच. पण कुणी शेजारी फोनचा कॅमेरा चालू ठेवून बसलं असेल तर तेवढ्यात की गेली. आम्ही दोघींनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवले होते. एरवी खासगी माहिती लपवण्याचीही सोय आहे, ती चालू ठेवून फक्त पत्ते जुळवता येतात. मी आधी तेच केलं आणि पत्ता जुळल्यावरच की उघडली. हा क्रम मला आवडला.

वरच्या बाजूला नवी फ्रेज तयार करण्याचं बटण आहे. तुमचे शब्द चौकटीत असताना ते चुकून दाबलं तर चौकटीत दुसरेच शब्द येतात. कागद हातात असेल तर नुकसान काही नाही, पण घाबरगुंडी उडते.

आणि हे साधन कशासाठी नाही तेही सांगते. बारा किंवा चोवीस शब्द दिसले म्हणजे ते बीआयपी-३९ असतीलच असं नाही. इलेक्ट्रम वॉलेटचे शब्द याच यादीतले दिसतात, पण त्यांचा हिशेब निराळा. मोनेरोचे पंचवीस शब्द आणि त्यांची यादीच वेगळी. टॉन नावाचं नेटवर्क यादी हीच वापरतं आणि गणित दुसरं. कार्डानोतही शब्दांपासून कीपर्यंतची वाट वेगळी आहे. अशा फ्रेज इथे टाकून पत्ते जुळवत बसलात तर दिवस जाईल. ज्या वॉलेटमध्ये फ्रेज तयार झाली त्याची पद्धत आधी शोधा.

बिटकॉइनचं असेल तर इथेच तीन टॅब बघावे लागतील. पत्ता १ ने सुरू होत असेल तर ४४ चा, ३ ने होत असेल तर बहुधा ४९ चा, बी-सी-१-क्यू ने होत असेल तर ८४ चा. प्रायव्हेट की ५२ अक्षरांची, के किंवा एल ने सुरू होणारी. इथेरियममध्ये बहुतेक वॉलेट एम/४४'/६०'/०'/०/० या वाटेने जातात, पण काही हार्डवेअर वॉलेट पुढच्या खात्यांसाठी शेवटचा आकडा न वाढवता तिसरा वाढवतात. तक्त्यात पत्ता सापडला नाही तर अकाउंटच्या चौकटीतला आकडा बदलून बघायचा.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, हे साधन सामान्य माणसासाठी नाही. मला तसं वाटत नाही. माझी बहीण सामान्य माणूसच आहे आणि तिने ते माझ्याशेजारी बसून वापरलं. मात्र साधन तुमचा हात धरून नेत नाही. पानावरचे शब्द तांत्रिक आहेत, मदतीच्या टिपा जाणकाराला उद्देशून आहेत. ज्याने सीड, पाथ, हार्डन्ड हे शब्द कधी ऐकलेले नाहीत, त्याने आधी एखादी संध्याकाळ हे समजून घेण्यात घालवावी, नमुन्यांवर हात बसवावा आणि मग आपला कागद काढावा. सोपं करण्याच्या नावाखाली मधल्या पायऱ्या लपवणारं साधन मला दिलं असतं, तर दुसऱ्या ओळीतलं खातं आम्हाला सापडलंच नसतं. "चुकीची फ्रेज" असा संदेश आला असता आणि आम्ही रडत बसलो असतो.

की मिळाल्यावर बहीण म्हणाली, "आता ही नव्या वॉलेटमध्ये टाकते आणि मोकळी होते." मी तसं करू दिलं नाही. सात शब्द त्या पानावर गेले होते. ते कुणी टिपले असतील तर? उरलेले पाच अंदाजाने काढणं सोपं नाही, पाच शब्द म्हणजे ५५ बिट्स, त्यातले ४ चेकसम कमी करतो. पण बारा शब्दांच्या तुलनेत ती भिंत फारच ठेंगणी. आणि की ही एका खात्यापुरतीच असते, तिच्यावरून शब्द परत काढता येत नाहीत. नव्या वॉलेटमध्ये जुनी की घातली असती तर तिला पुन्हा कागदावर लिहायला बारा शब्दही राहिले नसते, फक्त ती ५६ अक्षरं.

म्हणून असं केलं. नव्या वॉलेटमध्ये तिने नवीच फ्रेज तयार केली. जुन्या खात्याची की फक्त पैसे हलवण्यापुरती वापरली. स्टेलरमध्ये नवं खातं अस्तित्वात यायला किमान १ ल्युमेन ठेवावा लागतो, म्हणून आधी थोडे पाठवून ते खातं उभं केलं आणि आकडा पोहोचलेला पाहिला. मग अकाउंट मर्ज. या व्यवहारात जुनं खातं बंद होतं आणि राखीव ठेवीसकट सगळी शिल्लक नव्या खात्यात जाते. पहिल्यांदा ते अडलं, कारण जुन्या खात्यावर कोणत्या तरी दुसऱ्या टोकनची ट्रस्टलाइन, म्हणजे ते टोकन खात्यात ठेवायची परवानगी, उघडी होती. तिच्यापोटी अर्धा ल्युमेन अडकलेला असतो आणि ती काढल्याशिवाय मर्ज होत नाही. टोकनची शिल्लक शून्य होती, ट्रस्टलाइन काढली, पुन्हा मर्ज केलं. काही सेकंदांत झालं. प्रत्येक व्यवहाराची किमान फी ०.००००१ ल्युमेन, म्हणजे नोंद घेण्याइतकीही नाही. एक्सप्लोररमध्ये जुना पत्ता टाकला तर आता तिथे खातं नाही.

कन्व्हर्टरला माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो एकाच कारणाने. पानाच्या अगदी वर, शब्दांच्या चौकटीआधी, "तुमचा जुना पत्ता हाताशी ठेवा" एवढी एक ओळ असती तर किती तरी लोकांची झोप वाचली असती.

लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह पुसला. मग बहिणीला कोरा कागद दिला. तिने नवे बारा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहिले, प्रत्येकापुढे क्रमांक घातला आणि मला मोठ्याने स्पेलिंगसकट वाचून दाखवले. मग मी वाचले आणि तिने ताडून पाहिले. खाली तिने स्वतःहूनच आणखी दोन ओळी लिहिल्या. एकीत नवा पत्ता, पूर्ण ५६ अक्षरं. दुसरीत एम/४४'/१४८'/०'.